प्रतिसाद: 'तंबाखू' तांबूलापासून नाही

वर 'तांबूल'वरून 'तंबाखू' आला असं म्हटलंय, ते पटत नाही. तांबूल म्हणजे विडा, तो आपल्याकडे फार जुना. तंबाखूचं रोप अमेरिकेतलं, 1492 आधी ते इथं असणं शक्यच नाही. स्पॅनिश 'तबाको' कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून आला असं बहुतेक मानतात. पण तिथंही मतभेद आहेत: स्पॅनिश इतिहासकार ओव्हिएदो 1535 मध्ये लिहितो की 'तबाको' हे पानाचं नाव नव्हेच, धूर ओढायच्या दोन फाट्यांच्या नळीचं, तर स्पॅनिश धर्मोपदेशक लास कासासच्या मते 'तबाको' म्हणजे पानाची गुंडाळी. अरबी 'तुब्बाक' या औषधी वनस्पतीकडेही काहीजण बोट दाखवतात.

मराठी रूपाचा धागा अनुस्वारात आहे. पोर्तुगीज 'तबाको'त तो नाही, फारसी 'तंबाकू'त आहे, आणि मराठवाड्यात आजही कितीतरी तोंडी 'तंबाकू'च ऐकू येतं. ही वाट दख्खनी दरबारांतून जाते: 1604 च्या सुमारास मुघल दूत असद बेगनं अकबराला तंबाखू नेऊन दाखवली, ती विजापुरातून. तेव्हा मराठवाड्यातलं आपलं नळदुर्गही विजापूरच्या आदिलशाहीतच होतं. अकबराच्या दरबारातल्या हकिमानं मात्र हे अनोळखी औषध म्हणून अकबराला अडवायला पाहिलं होतं.