तिसा नदी ओलांडणारा जिल्हा : वोयवोदिनातील जिल्ह्यांच्या सीमा पुन्हा आखाव्यात का?

अक्षांश (धागाकर्ता)

सर्बियाच्या उत्तरेकडील वोयवोदिना या स्वायत्त प्रांताचे तीन पारंपरिक भाग नद्यांनीच पाडले आहेत : डॅन्यूब आणि तिसा यांच्यामधला बाच्का, तिसेच्या पूर्वेचा बानात आणि डॅन्यूब व सावा यांच्यामधला स्रेम. १६९९च्या कार्लोव्त्सी तहाने बाच्का ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्याकडे गेला, बानात मात्र १७१८ पर्यंत ऑटोमन अमलाखाली राहिला आणि तेवढा काळ तिसा ही दोन साम्राज्यांची सरहद्द होती. पुढे हंगेरीच्या राज्यातही परगणे याच नदीवर वेगळे होत.

१९९२ साली सर्बियाच्या सरकारने प्रांतात सात जिल्हे आखले, तेव्हा तिसेच्या पश्चिमेकडील, म्हणजे निर्विवादपणे बाच्कातील, कान्यिझा, सेंता आणि आदा या नगरपालिका किकिंदा हे मुख्य ठाणे असलेल्या ‘उत्तर बानात’ जिल्ह्यात घालण्यात आल्या. तिन्ही ठिकाणी हंगेरियन बहुसंख्य आहेत. सुबोतित्साच्या उत्तर बाच्का जिल्ह्याला त्या जोडल्या असत्या, तर तेथील हंगेरियनांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास पोहोचले असते. सर्बियाचे तेव्हाचे अध्यक्ष मिलोशेविच यांच्या ज्या राजवटीने प्रांताची स्वायत्तता नुकतीच नाममात्र करून टाकली होती तिनेच हा नकाशा काढला, हे पाहता तो केवळ कारकुनी सोयीचा होता असे मानणे मला जड जाते. सीमा तिसेवर आणावी, असे माझे मत आहे.

सह्यकडा

पूर्ण असहमत. सरळ रेषेत मोजले तर सेंता आणि आदा ही दोन्ही गावे सुबोतित्सापेक्षा किकिंदाला जवळ आहेत. आपला मुद्दा अंतराच्या बाबतीत फक्त कान्यिझाला लागू पडतो. शिवाय नदी हीच कसोटी असेल, तर ती सगळीकडे लावावी लागेल. पेत्रोवारादिनचा किल्ला डॅन्यूबच्या दक्षिण तीरावर, स्रेममध्ये आहे, पण तो नोव्ही साद शहरात आणि म्हणून दक्षिण बाच्का जिल्ह्यात मोडतो. स्रेम्स्की कार्लोव्त्सीच्या तर नावातच स्रेम आहे, तरी तेही त्याच जिल्ह्यात. झेमुन आणि नवे बेलग्रेड भूगोलाने स्रेममध्ये असूनही प्रांताच्या बाहेर, राजधानीच्या हद्दीत आहेत. हे सगळे उलटवायचे का? आणि एखाद्या समाजाचे संख्याबळ वाढावे म्हणून सीमा हलवणे योग्य असेल, तर ते घटावे म्हणून हलवण्याला आपण कोणत्या तोंडाने नाव ठेवणार?

पूर्वमेघ

मला ही चर्चाच आडवळणाची वाटते. आपल्याकडे जिल्हा म्हटला की निवडून आलेली जिल्हा परिषद डोळ्यांपुढे येते. सर्बियातील जिल्हा म्हणजे मंत्रालयांच्या शाखा आणि सरकारने नेमलेला प्रमुख, एवढेच. त्याला स्वतःची प्रातिनिधिक सभा नाही. अल्पसंख्याकांच्या भाषेचा हक्कसुद्धा जिल्ह्यावर अवलंबून नाही : नगरपालिकेच्या लोकसंख्येत एखादा समाज १५ टक्क्यांवर असला, की त्याची भाषा तेथे अधिकृत वापरात आणावी लागते. सेंता उद्या कोणत्याही जिल्ह्यात गेले तरी तेथील पाट्या हंगेरियनमध्ये राहतीलच.

खरा वाद अधिकारांचा आणि पैशांचा आहे. १९७४च्या युगोस्लाव्हियाच्या राज्यघटनेने वोयवोदिनाला त्या संघराज्यातील प्रजासत्ताकांसारखे जवळजवळ स्थान दिले होते. १९८८ साली नोव्ही सादमध्ये मिलोशेविच समर्थक निदर्शकांकडून प्रांतिक सभेच्या इमारतीवर योगर्टच्या पिशव्या फेकल्या गेल्या, प्रांताचे नेतृत्व राजीनामा देऊन गेले आणि सर्बियाच्या १९९०च्या राज्यघटनेनंतर स्वायत्तता नावापुरती उरली. २००६च्या राज्यघटनेनुसार प्रांताचा अर्थसंकल्प सर्बियाच्या अर्थसंकल्पाच्या किमान ७ टक्के असायला हवा आणि त्यातले तीन सप्तमांश भांडवली खर्चासाठी राखायला हवेत. हे ७ टक्के नेमके कशाचे आणि कसे मोजायचे, यावर बेलग्रेडचे केंद्र सरकार आणि नोव्ही सादचे प्रांतिक सरकार यांच्यात वर्षानुवर्षे घोळ चालला आहे. हा प्रश्न सोडून तिसेच्या काठावर भांडणे म्हणजे घर गळत असताना कुंपणाची मोजणी करण्यासारखे आहे.

अक्षांश

पूर्वमेघ, पैशांचा मुद्दा मान्य, पण जिल्हा इतका पोकळ नाही. पोलीस प्रशासन, शाळांची देखरेख आणि निरीक्षकांची कार्यालये बऱ्याच अंशी त्याच चौकटीत उभी राहतात, आकडेवारीही त्याच चौकटीत छापली जाते आणि नागरिकाला खेटे घालावे लागतात ते तिथेच. सह्यकडा यांच्या पेत्रोवारादिनच्या दाखल्याला मात्र उत्तर आहे : तो भाग नोव्ही सादचा एक अवयव झाला आहे, तिथे पुलापलीकडे शहर एकच आहे. सेंता आणि किकिंदा यांच्यात तसे काहीही घडलेले नाही.

सह्यकडा

मग मागणी कान्यिझापुरती ठेवा आणि तेथील मतदारांना विचारा. सेंता आणि आदा सुबोतित्साला जोडायचे असेल तर त्यासाठी भूगोल नव्हे, दुसरे कारण द्यावे लागेल, आणि ते उघडपणे मांडलेले मला अधिक आवडेल.