मदत हवी आहे: मुंबई-लंडन उड्डाणाचा वेळ कसा धरायचा?

मुंबई-लंडन सरळ हवाई अंतर साधारण 7,200 किमी. ताशी 900 ने भागलं की आठ तास येतात. तिकिटावर मात्र दुपारी 1:00 ला निघून संध्याकाळी 5:30 ला पोच. हिवाळ्यातला साडेपाच तासांचा फरक धरला (उन्हाळ्यात साडेचार) की झाले दहा तास! परतीला तासभर कमी, कारण जेट वारे (खूप उंचावरचे वेगवान वारे) पश्चिमेकडून वाहतात. शिवाय छापील वेळ गेट ते गेट असतो, त्यात धावपट्टीची रांग आणि हीथ्रोवरच्या घिरट्याही आल्या.

जानेवारीत जाताना समोरच्या वाऱ्यासाठी ताशी किती किमी वजा करावेत? बंद हवाई हद्दी टाळताना वळसा किती किमीचा पडतो? प्रत्यक्ष उडालेल्या मार्गाचे आकडे असतील तर टाका. नुसतं अंतर भागिले वेग नको, ते करून झालंय.