मदत हवी आहे : 25 हजारांची ऑफर आलीय, घेऊ का नको? उद्या 12 पर्यंत सांगायचंय

शिरोलीचा_पोरगा : चाकणमधून ऑफर आलीय, 25 हजार. इथं कोल्हापुरात 17 हातात पडतात. एचआरला उद्या दुपारी 12 च्या आत मेल टाकायचाय. दोन वर्षं सोडायचं नाही असा बॉन्ड आहे. घेऊ का नको, एवढंच सांगा. भाषण नको, घरात सकाळपासून तेच चाललंय.

फौंड्रीतला_काका : डिप्लोमा का बीई? अनुभव किती? काम कसलं? 25 हातात का सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा सगळा खर्च? पोटात कुठं दुखतंय ते न सांगता गोळी कुठली घेऊ विचारतोयस बघ.

शिरोलीचा_पोरगा : मेकॅनिकलच की. डिप्लोमा. 25 म्हणजे 25.

रंकाळा_रिटर्न : जाऊ नकोस भावा. मी 2014 ला गेलो होतो. एका खोलीत चौघं, पाण्याला नंबर, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आईनं दिलेली चटणी आणि पाव. घरी राहून मिळणारे 17 म्हणजे तिकडचे 27 धर.

चाकण_कट्टा : तुम्ही परत आला म्हणून सगळ्यांनी यायचं का? इथं दहा वर्षं घासली तरी डोक्यावर मालकाचा पुतण्याच येऊन बसतो. पगार उडी मारल्यावर वाढतो, दिवाळीच्या पेढ्यानं नाही.

रंकाळा_रिटर्न : पुतण्याचं काय काढलंय मधेच? माझा मालक चांगला आहे.

धंदा_बरा : नोकरीच कशाला म्हणतो मी. उद्यमनगरात गाळा बघ, जुनं व्हीएमसी मशीन टाक, जॉबवर्क कर. स्वतःचा राजा.

फौंड्रीतला_काका : आणि मशीनच्या कर्जाचा हप्ता? पार्टी चेक देते 120 दिवसांनी, तोही पुढच्या तारखेचा. हप्ता 90 दिवसांच्या वर थकला की बँक खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जात टाकते. राजाला मग गाळ्याला कुलूप लावायला लागतं. मी लावलंय.

शिरोलीचा_पोरगा : अहो माझं काय? हे लेटरमधलं घ्या : वार्षिक 3,00,000. महिन्याला बेसिक 12,500, कंपनीचा पीएफ 1,500, ग्रॅच्युइटी 601, बोनस 1,041, बस-कँटीन 1,100. बाकी एचआरए म्हणजे घरभाडं आणि 'स्पेशल' म्हणून काहीतरी.

पगारपत्रक_मास्तर : म्हणजे 25 ही सीटीसी आहे बाळा. बेसिकनंतरचे ते चार आकडे महिन्याला हातात येत नाहीत. बेरीज 4,242, उरले 20,758. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ 1,500 आणि प्रोफेशनल टॅक्स 200, फेब्रुवारीत 300. शिवाय ग्रॉस 21,000 च्या आत बसतोय, म्हणजे ईएसआयसी, कामगार विमा लागणार : तुझे 0.75 टक्के, 156. हातात 18,902. कंपनीनं भरायचे 3.25 टक्के लेटरमध्ये कुठंच नाहीत, ते 'स्पेशल'मधून उचलणार का, हे आधी विचार.

शिरोलीचा_पोरगा : 18,902?? इथं ओव्हरटाइमचे दोनेक हजार वेगळे मिळतात मला. ते 17 मध्ये धरले नव्हते.

फौंड्रीतला_काका : हे आत्ता सांगतोयस! इथं लागून किती वर्षं झाली?

शिरोलीचा_पोरगा : 4 वर्षं 5 महिने. फौंड्रीच्या सँड लॅबला आहे, साच्याची वाळू तपासतो. तासाला सॅम्पल, मॉइश्चर म्हणजे ओल, कॉम्पॅक्टिबिलिटी म्हणजे वाळू किती दबते ते. परवा मॉइश्चर चढलं म्हणून लाइन थांबवा म्हटलं तर सुपरवायझर म्हणाला, 'चालू दे, डिस्पॅच आहे.' रात्रीत ब्लोहोलचा, म्हणजे हवेची भोकं पडलेल्या मालाचा ढीग. सकाळी शिव्या कुणाला? मला. म्हणून वैतागून फॉर्म भरला.

पगारपत्रक_मास्तर : मग सात महिने दात-ओठ खा. 5 वर्षं भरली की नोकरी सोडताना ग्रॅच्युइटीची रक्कम मिळते. तुझा बेसिक?

शिरोलीचा_पोरगा : 11,000.

पगारपत्रक_मास्तर : 11,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 5. साधारण 31,700. आता उठलास तर यातलं काही नाही.

चाकण_कट्टा : 4 वर्षं 240 दिवस भरले तरी मिळते. मद्रास हायकोर्टाचा निकाल आहे.

पगारपत्रक_मास्तर : आहे. पण शिरोलीतला अकाउंटंट तो वाचून चेक फाडत नाही, त्यासाठी भांडायला लागतं. तसंही याचे 240 कुठं भरलेत?

शिरोलीचा_पोरगा : बॉन्डचं कुणीच बोलेना. मोडला तर 50 हजार, आणि मार्कशीट ओरिजिनल जमा करून घेणार म्हणालेत.

चाकण_कट्टा : बॉन्ड म्हणजे रद्दी. कोण कोर्टात जातंय?

पगारपत्रक_मास्तर : सरसकट रद्दी नाही. 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बॉन्ड उचलून धरला, तीन वर्षांच्या आत सोडलं म्हणून. ट्रेनिंग काय देणार, ते कागदावर माग. आणि ओरिजिनल अजिबात देऊ नकोस, झेरॉक्स दे.

सरकारीच_बरी : जेईची, ज्युनिअर इंजिनिअरची तयारी का करत नाहीस? माझा मेहुणा जलसंपदाला लागला.

फौंड्रीतला_काका : तिकडं जास्त करून सिव्हिलवाले लागतात हो, हा मेकॅनिकल.

तांबडा_पांढरा : चाकणला चांगला तांबडा रस्सा कुठं मिळतो, कुणाला माहीत आहे का?

चाकण_कट्टा : मिळत नाही. त्या एका बाबतीत रंकाळावाले बरोबर आहेत.

शिरोलीचा_पोरगा : ठरलं. हातात 24 आणि ओरिजिनल देणार नाही, असं कळवतो. इथं 5 वर्षं भरल्यावर, मार्चनंतर जॉइन होऊ देतायत का तेही विचारतो. पण मेल इंग्रजीत लागेल. कुणी लिहून देता का? आत्ता, सेकंड शिफ्टला निघायच्या आधी.