परदेशी कायमचं जाताना परवान्याची हत्यारं: विकावी, जमा करावी की भावाकडे ठेवावी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सहकुटुंब कॅनडाला निघतोय, पीआरवर (कायम वास्तव्याच्या परवानगीवर). निदान पाच वर्षं परतायचा विचार नाही, पुढचं तेव्हा बघू. हातात साडेतीन महिने आहेत आणि अडकलोय हत्यारांवर.

परवाना सातारा जिल्हाधिकारी कार्यालयाचा, मुदत मार्च २०२८ पर्यंत. त्यावर दोन हत्यारं आहेत. एक १२ बोअर दोननळी बंदूक, इंग्लिश बनावटीची, वडिलांच्या पश्चात २०११ ला माझ्या नावावर आलेली. दुसरं सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर. काडतुसं बाराची ३४ आणि .३२ ची १८. शिवाय देवघरात पणजोबांच्या काळची एक तलवार आहे, ती परवान्यावर नाही.

धाकटा भाऊ गावीच असतो, शेती बघतो. त्याच्याकडे कपाटात कुलूपबंद ठेवून गेलो तर चालेल का? नाहीतर बँकेचा लॉकर? की सरळ दोन्ही विकून मोकळं व्हावं? बंदुकीवर जीव आहे, रिव्हॉल्व्हरवर तितका नाही.

---

चापओढ

भावाच्या कपाटाचा विचार आधी डोक्यातून काढा. परवाना तुमच्या नावाचा आहे, वाड्याचा किंवा घराण्याचा नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ मध्ये एक सूट आहे: परवाना नसलेला माणूस परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने हत्यार नेऊ शकतो, पण फक्त दुरुस्तीसाठी, परवाना नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्याच वापरासाठी. लोक याच ओळीवर भरवसा ठेवून 'भावाला पत्र लिहून देतो' म्हणतात. तुम्ही कॅनडात आणि बंदूक गावात, यात तुमचा वापर कुठे आला? उद्या झडती झाली तर भाऊ विनापरवाना ताब्यात, आणि त्याच्या हाती दिली म्हणून तुम्हीही गोत्यात. मुखत्यारपत्रानेही हे सुटत नाही. मुखत्यार कागद हलवू शकतो, हत्यार बाळगू शकत नाही.

लॉकरही नाही. बँकांच्या लॉकर करारात शस्त्रं आणि स्फोटकं ठेवायला मनाई असते.

राहिलं जमा करणं. ते दोन ठिकाणी होतं, पोलीस ठाण्यात किंवा सुरक्षित ठेवीचा परवाना असलेल्या बंदूक विक्रेत्याकडे. ठाण्यात पैसे लागत नाहीत, पण मुद्देमालाच्या खोलीत कोंबलेल्या पन्नास हत्यारांत तुमचं एक. विक्रेता महिन्याचं भाडं घेतो, हत्यार मात्र बरं राहतं. त्याच्या परवान्यात ठेवीची परवानगी आहे ना, एवढं डोळ्यांनी वाचून घ्या. नुसता विक्रीचा परवाना पुरत नाही.

आता खरी मेख. तुम्ही तिकिटाची तारीख धरून विचार करताय, धरायची आहे मार्च २०२८. मुदत असेपर्यंत तुमची ठेव ही परवानाधारकाची ठेव. मुदत संपली की कलम २१ लागू. मग हत्यार परत मिळतं ते तुम्ही पुन्हा परवान्याला पात्र झालात तरच, नाहीतर ठरलेल्या मुदतीत विकायची सोय. तीही गेली तर जिल्हादंडाधिकारी ते शासनजमा करू शकतात. त्याआधी नोटीस येते, उत्तराला तीस दिवस. ती जाते परवान्यावरच्या पत्त्यावर. बंद घराच्या कडीला कागद अडकवून शिपाई परत जातो, कॅनडात कुणाला पत्ता नसतो. त्यामुळे जमा करताना अर्जातच भावाचा पत्ता आणि तुमचा ईमेल पत्रव्यवहारासाठी नोंदवा. जमा पावतीवर बनावट, बोअर, नंबर आणि अवस्था लिहून घ्या. 'एक दोननळी बंदूक' एवढंच लिहिलेली पावती म्हणजे कोरा कागद.

नूतनीकरण कॅनडातून होईल या भरवशावर राहू नका. अर्ज मुदत संपायच्या साठ दिवस आधी जायला हवा, आणि हत्यार तपासणी व चौकशीला माणूस समोर लागतो. म्हणजे जानेवारी २०२८ च्या सुमारास तुमची भारतात एक चक्कर ठरलेली. ती जमणार नसेल तर जमा करणं म्हणजे निर्णय मार्च २०२८ पर्यंत पुढे ढकलणं, बाकी काही नाही.

---

नळीचानंबर

वर चापओढ यांनी लिहिलंय ते बरोबर, पण माझं मत विकण्याकडे झुकतं, निदान रिव्हॉल्व्हरचं. पाच वर्षं न वापरलेल्या रिव्हॉल्व्हरसाठी भाडं आणि भारतवारीचा खर्च घालून वर नूतनीकरणाची शाश्वती नाहीच.

विक्रीचा रस्ता कलम ५ मध्ये आहे. घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला विक्रीची लेखी सूचना द्यायची, पोच घ्यायची आणि त्यानंतर ४५ दिवस गेल्याशिवाय हत्यार हातातून सोडायचं नाही. म्हणजे १५ ऑगस्टपर्यंत सूचना गेली तर सप्टेंबरअखेर व्यवहार, आणि दोन्ही परवान्यांवरच्या नोंदींसाठी ऑक्टोबर हाताशी. सप्टेंबरअखेर खरेदीदार मिळाला तर तुम्ही विमानात आणि ४५ दिवस अजून चालूच. दिवाळीच्या सुट्ट्या आणि निवडणुकीची आचारसंहिता यांचाही हिशोब धरा. आचारसंहितेत सगळ्यांचीच हत्यारं जमा करून घेतात, परवाना शाखेला मग दुसरं काम सुचत नाही.

खरेदीदाराची तीन गोष्टींवर खातरजमा करा. परवाना चालू आहे का, त्यावर 'रिव्हॉल्व्हर/पिस्तूल' लिहिलंय की फक्त १२ बोअर, आणि खरेदीची मुदत बाकी आहे का. त्याच्याकडे आधीच दोन हत्यारं असतील तर व्यवहार होणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादा तीनवरून दोनवर आली आहे, नेमबाज खेळाडूंना वेगळे नियम. युआयएन नंबरवरून (प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा ओळख क्रमांक) राष्ट्रीय शस्त्र परवाना नोंदणीत त्याची नोंद आहे ना, हे परवाना शाखेतून बघून घ्या.

विकल्यावर हत्याराची नोंद परवान्यावरून कमी झाल्याचा शेरा आणि त्याची झेरॉक्स आपल्याकडे हवीच. दोन्ही विकली तर परवानाही परत करा. कलम १७(४) प्रमाणे धारकाच्या अर्जावरून परवाना रद्द होतो. रद्दचा आदेश मागून घ्या, नुसती अर्जाची पोच नको. हे राहिलं की दर निवडणुकीला ठाण्याचा माणूस भावाच्या दारात उभा, 'साहेबांची बंदूक जमा करा' म्हणून.

बंदूक मात्र घाईत विकू नका. ऐंशीच्या दशकात खासगी आयात बंद झाल्यापासून इंग्लिश दोननळीला वेगळा भाव आहे. विक्रेता 'जुनी आहे, पंधरा मिनिटांत घेतो' म्हणाला तर उठून या. आणि ती या देशात आली कशी, तेही शोधा. कुणी परदेशातून मुक्काम हलवताना टीआर (ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्स) सवलतीत आणली असेल तर विक्रीवर, नुसतं कुणाला द्यायवरही, बंधन असतं. जुन्या परवान्यावर किंवा कस्टमच्या कागदावर तसा शेरा असतो.

---

कृष्णाकाठ

दोघांचेही आभार. रिव्हॉल्व्हर विकायचं पक्कं केलं. बंदूक भावाच्या नावावर वारसा म्हणून करता येईल का? तो शेतकरी आहे, रानडुकरांचा त्रासही आहे.

---

चापओढ

वारसाची वाट तुमच्यासाठी अजून उघडलेली नाही. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ प्रमाणे धारक हयात असताना वारसाला परवाना मिळतो तो धारक सत्तरीचा झाल्यावर किंवा त्याने हत्यार २५ वर्षं बाळगल्यावर, यातलं जे आधी होईल ते. तुमच्या नावावर ती २०११ पासून, म्हणजे २०३६.

भावाने स्वतःचा नवा परवाना काढायचा आणि मग तुम्ही कलम ५ नेच त्याला द्यायची, बक्षीस असो वा विक्री, ४५ दिवस तेच. नवा परवाना साडेतीन महिन्यांत होईल असं धरू नका. पोलीस अहवाल अडकतो, फाइल टेबलावर झोपते. पण अर्ज आत्ताच करा, बंदूक विक्रेत्याकडे जमा ठेवून जा. त्याचा परवाना तुमच्या मार्च २०२८ च्या आत झाला की हस्तांतर. शेती संरक्षणाचा परवाना मागितला तर तो ठरावीक क्षेत्रापुरता असतो, आणि रानडुकराला गोळी घालायची परवानगी हा वनखात्याचा वेगळा विषय आहे. दोन्ही एकच समजू नका.

---

तेलचिंधी

जमा करायच्या आधी बंदुकीचं काय करायचं, हे कुणीच सांगत नाही म्हणून लिहितो.

पुढचा लाकडी तुकडा काढा, नळ्या वेगळ्या करा. कांस्याचा ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून मागून पुढे फिरवा, मग कोरड्या चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत. शेवटची चिंधी बंदुकीच्या तेलाची. बाहेरून बोटांचे ठसे पुसून तेलाचा पातळ हात; दोन पावसाळे जाणार असतील तर पातळ ग्रीस. नळीत कापडाचा बोळा कोंबून ठेवू नका. तो दमट हवा शोषतो आणि बोळा होता तिथेच आतून गंजाचं कडं पडतं. चामड्याच्या पेटीत किंवा होल्स्टरमध्ये तर अजिबात नाही, चामडं कमावताना वापरलेले क्षार ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा लेप) खातात. सुती खोळ आणि दोन-तीन सिलिका पुड्या पुरतात.

घोडे आत असलेली दोननळी असेल तर ती उघडली की खटके (म्हणजे ते आतले घोडेच) चढतात. दाबलेल्या स्प्रिंगा वर्षानुवर्षं तशा ठेवू नयेत. पुन्हा जोडून दोन्ही नळ्यांत स्नॅप कॅप (दारू नसलेली नकली काडतुसं) घाला, बंद करा, एकेक चाप ओढा. मग ती जोडलेलीच जमा करा. खटके पडलेले असताना नळ्या सोडवल्या तर बऱ्याच बॉक्सलॉक, म्हणजे घोडे आत असलेल्या, बंदुकांत त्या परत बसता बसत नाहीत, आणि कुणीतरी हातोडी घेऊन येतो. स्नॅप कॅप आतच राहणार, तेव्हा पावतीवर 'विनादारू, २ नग' असं लिहून घ्या. नाहीतर परत घेताना 'भरलेली बंदूक जमा केली' म्हणून नवा घोळ.

काडतुसं मोजून, बोअरप्रमाणे वेगळी, वेगळ्या नोंदीने जमा करा. मित्राला देऊ नका, विहिरीत टाकू नका. बाराची कागदी पुंगळीवाली असतील तर ती पावसाळ्यात फुगतात आणि चेंबरमध्ये जात नाहीत, परत मिळण्याची आशा धरू नका.

---

विमानतळ_गेट

दोन गोष्टी कॅनडाच्या. सोबत नेण्याचा विचार मनात असेल तर सोडा. .३२ कॅलिबरची हँडगन तिथे १९९५ च्या कायद्यापासून प्रतिबंधित वर्गात आहे, आणि २१ ऑक्टोबर २०२२ पासून खासगी माणसासाठी हँडगनची खरेदी-विक्री, हस्तांतरच गोठवलंय. दोननळी तिथे चालण्यासारखी आहे, पण आधी सुरक्षा अभ्यासक्रम आणि पीएएल (तिथला बंदूक बाळगण्याचा) परवाना, आणि भारतातून बाहेर न्यायला कलम १० खालची वेगळी परवानगी. तिथल्या दुकानात जुनी दोननळी सहज मिळते. आठवण म्हणून हीच हवी असेल तरच त्या वाटेला जा.

त्याहून महत्त्वाचं सामान. शिकारीचं जुनं जाकीट, खाकी पिशवी, काडतुसांचा पट्टा ज्या बॅगेत कधी ठेवला होता ती बॅग घरीच ठेवा. एक जिवंत काडतूस किंवा नुसती रिकामी पुंगळी अस्तरात सापडली की एक्स-रेवर दिसते आणि गुन्हा नोंदवला जातो. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितलंय, त्यावर असे गुन्हे पुढे उच्च न्यायालयात रद्दही होतात. पण तोवर विमान गेलेलं असतं आणि पासपोर्टला केस चिकटलेली असते. मुलांच्या बॅगाही उलट्या करून झटका.

तलवार भावाच्या देवघरात राहू दे. शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याने ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मिरवणुकीत काढण्याआधी मात्र जमावबंदीसोबत निघणारा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) चा आदेश लागू आहे का, हे भावाने ठाण्यात विचारावं.

---

कृष्णाकाठ

तेलचिंधी यांच्या सांगण्याप्रमाणे बंदूक सोडवली. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर आणि बॉडीवर नंबर एकच आहे, पण परवान्यावर शेवटचा आकडा ७ आणि पोलादावर १. याने अडेल का?

---

नळीचानंबर

अडेल. विक्रेताही घेणार नाही आणि भावाच्या हस्तांतरात तर फाइल तिथेच थांबेल. आधी दुरुस्तीचा अर्ज: वडिलांच्या जुन्या परवान्याची प्रत (बहुतेक २०११ ला नोंद करताना इंग्रजी १ चा ७ वाचला गेला असेल, त्यावर बरोबर नंबर असेल), मूळ खरेदीची पावती असली तर ती, आणि नळ्या, बॉडी व पुढचा लाकडी तुकडा या तिन्ही भागांवरच्या नंबरांचे जवळून काढलेले फोटो. नंबरावर खडूची पूड चोळून बोटाने पुसा, खाचांत पांढरं राहतं आणि आकडा फोटोत स्वच्छ येतो. खरवडू किंवा पॉलिश करू नका, नंबर पुसट केल्याचा संशय त्याहून वाईट. परवाना शाखा ठाण्यामार्फत हत्यार समक्ष बघून अहवाल मागवेल. हा अर्ज याच आठवड्यात टाका. रिव्हॉल्व्हरचा नंबरही आत्ताच ताडून बघा.