नॅनो चांदी: मोज्यात उधळायची की बर्न वॉर्डसाठी राखून ठेवायची?

घाटावरचा: फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, चांदीचे नॅनो (म्हणजे अतिसूक्ष्म) कण सुपरबगला मारतात म्हणे, आता अँटिबायोटिक लागणारच नाही, आणि खाली लगेच चांदीवाल्या मोज्यांची जाहिरात. चांदी जंतू मारते हे खरंच आहे, पण म्हणूनच मोजे, फ्रिज, वॉशिंग मशीन असल्या फालतू ठिकाणी ती घालायला बंदी पाहिजे असं माझं मत. २०१९ मध्ये जगात अंदाजे १२.७ लाख माणसं थेट औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे गेली. हातात शस्त्रं मोजकीच उरलीत आणि त्यातलं एक आपण पायाचा वास घालवायला वापरतोय. बोला.

नॅनोवाला: माझी पीएचडी यातच चालूय त्यामुळे थोडं लांबेल. मोजे बंद करा ना, कोण नाही म्हणतंय, पण चांदीचंही अँटिबायोटिकसारखंच होणार ही भीती पटत नाही. अँटिबायोटिक बहुतेक वेळा एकच जागा धरतं, जंतूने ती बदलली की खेळ खल्लास. चांदीचा कण म्हणजे आयनचा (विद्युतभार असलेल्या चांदीच्या अणूंचा) साठा, हळूहळू सोडत राहतो, ते आयन गंधकवाल्या प्रोटीन्सना चिकटतात, आवरण फाडतात, श्वसनाची साखळी बिघडवतात, सगळं एकदम, आता जंतू बदलणार तरी काय काय? शिवाय २०१३ मध्ये बोस्टनच्या एका ग्रुपने दाखवलं की जोडीला चांदी दिली तर ग्राम निगेटिव्ह (बाहेर जादा आवरण असलेल्या) जंतूंवर अँटिबायोटिक जास्त जोरात चालतं. व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक, जे एरवी त्यांच्या आत शिरतच नाही, तेसुद्धा उंदरांमध्ये चाललं. आपल्या पुण्याच्या आघारकर संस्थेनेही नॅनो चांदीचं जखमेवर लावायचं जेल बनवून २००९ ला पेपर काढलाय.

खडूस_मायक्रो: "बदलणार काय काय"?? काही बदलायला लागत नाही भाऊ, पंप बसवला की झालं. १९७५, तुमच्या बोस्टनमध्येच, मॅसॅच्युसेट्स जनरलच्या बर्न युनिटमध्ये सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारा साल्मोनेला जंतू निघाला, तीन पेशंट गेले. पुढे त्याच्या प्लास्मिडवर (जंतू एकमेकांना देऊ शकतात तो डीएनएचा छोटा तुकडा) जीन्सचा अख्खा संच सापडला, एक प्रोटीन चांदी पकडतं, बाकीचे बाहेर फेकतात. त्याच प्लास्मिडवर अँटिबायोटिकच्या रेझिस्टन्सचे जीन्सही होते, म्हणजे नुसती चांदी ओतत राहिलात तरी दोन्हींना न जुमानणारा जंतूच मागे उरतो. आणि नॅनोचंच ऐकायचंय तर २०१८, चेक देशातलं ओलोमोउत्स. इ. कोलाय हा आतड्यातला जंतू पुन्हा पुन्हा नॅनो चांदीत वाढवला, त्याने जीन्सला हातही न लावता फ्लॅजेलिन नावाचं प्रोटीन सोडलं, कणांच्या गुठळ्या झाल्या, कण निकामी.

सांगोल्याची: त्याच पेपरात पुढे असंय की डाळिंबाच्या सालीचा अर्क घातला की फ्लॅजेलिन बनायचं कमी होतं आणि चांदी परत चालायला लागते. आमच्याकडे साली भरपूर, कोणी घेतं का बघा 😀

खडूस_मायक्रो: ताई ते लॅबमध्ये. पेशंटच्या जखमेत करून दाखवा मग बोलू.

वॉर्डातली_सिस्टर: तुम्ही प्लास्मिडवरून भांडा निवांत. सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम १९६८ पासून वापरात आहे, स्वस्त आहे, पण रोज पुसायचं, रोज लावायचं, त्याचा थर जमतो, जखम किती खोल आहे ते दिसत नाही, आणि पुसताना भाजलेलं माणूस जे ओरडतं ते एकदा ऐका. नॅनो चांदीचं ड्रेसिंग काही दिवस तसंच ठेवता येतं, म्हणजे तेवढ्या वेळा ओरडणं वाचलं. पण किंमत बघा. सरसकट बंदी बंदी केलंत तर आधी तेच गायब होईल, मोजे कुठेतरी मिळतच राहतील.

घाटावरचा: सिस्टर, ड्रेसिंगला माझा विरोध नाहीच, उलट ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळावं.

काडीबहाद्दर: चांदीचा मुलामा दिला की इन्फेक्शन कमी हेही सरसकट खरं नाही हं. २०१२, ब्रिटन, ७,१०२ पेशंट. चांदीवाला लघवीचा कॅथेटर १२.५ टक्के इन्फेक्शन, साधा १२.६. झालं?

नॅनोवाला: ते अलॉय (मिश्रधातू) होतं, नॅनो नव्हतं. मुलाम्याचंच बोलायचं तर व्हेंटिलेटरच्या नळीची २००८ ची ट्रायल बघा ना, न्यूमोनिया ७.५ वरून ४.८ टक्क्यांवर.

काडीबहाद्दर: आणि ती पण नॅनो नव्हती. मृत्यू कमी झाले का त्यात? नाही.

बटवेवाले_काका: आमच्यात बाळाला चांदीच्या वाटीतूनच भरवतात, पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं. मी स्वतः रोज कोलॉइडल सिल्व्हरचे (चांदीचे बारीक कण तरंगणाऱ्या द्रावाचे) थेंब पाण्यातून घेतो, एकदम ठणठणीत.

खडूस_मायक्रो: काका थेंब बंद करा, आजच. वाटी चालू द्या, त्यातून पोटात काही विशेष जात नाही. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियंत्रण संस्था) १९९९ मध्येच सांगितलंय की बिनचिठ्ठीची कोलॉइडल चांदी सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाही. वर्षानुवर्षं घेतली तर कातडी निळी-करडी पडते आणि पडली की परत येत नाही.

बटवेवाले_काका: अ‍ॅलोपॅथी लॉबी.

घाटावरचा: मूळ मुद्द्यावर या रे. अ‍ॅरिझोनाच्या संशोधकांनी २००८ ला चांदीवाले मोजे नुसत्या पाण्यात धुऊन बघितले, काहींमधली चांदी थोड्याच धुण्यांत जवळपास सगळी निघून गेली. मग ती जाते कुठे? गटारात, जिथे दवाखान्याचं सांडपाणी आणि अँटिबायोटिकही येतंय. खडूस म्हणतो ती प्लास्मिडची देवाणघेवाण तिथे होणार नाही तर कुठे?

नॅनोवाला: गटारात गेलेल्या चांदीचं बरंचसं सल्फाइड होतं, ते फारसं विरघळत नाही. पण ठीक, मोज्याचा मुद्दा दिला तुला. आता हे सांग, शेड्यूल एच१ (बरीच अँटिबायोटिक चिठ्ठीवरच विकायचा नियम) २०१४ पासून लागू आहे, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळतंच ना? मग मोज्यातली चांदी कोण तपासणार, तोच इन्स्पेक्टर?

वॉर्डातली_सिस्टर: त्याला आधी आमच्या स्टोअरला पाठवा, मलम तीन आठवडे संपलंय.