बाही हलली की सिग्नल पडतो (जीन्सच्या कापडाचा अँटेना)

बाहीवाला: ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम इंजिनिअरिंग), शेवटचं वर्ष. जुन्या जीन्सचे तीन थर शिवून, वर-खाली तांब्याची टेप लावून २.४५ गिगाहर्ट्झचा, म्हणजे ब्लूटूथच्या फ्रिक्वेन्सीचा, पॅच (चपटा अँटेना) केलाय. शिवण आईची. पावणेपाच सेंटिमीटरचा तुकडा बघून म्हणाली, "हे ठिगळ कुठल्या पँटला?" टेबलावर नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) परत येणारा सिग्नल -२२ डीबी दाखवतो, बरोब्बर २.४५ ला. सर खूश. उजव्या दंडावर बांधून चाललो तर ब्लूटूथचा आरएसएसआय (फोनला मिळणाऱ्या सिग्नलची ताकद) -६० पासून -८५ पर्यंत नाचतो. हात मागे गेला की पडतो, पुढे आला की सावरतो. फोन डाव्या खिशात. वाकून डीट्यून होतोय ना, म्हणजे त्याची फ्रिक्वेन्सी सरकतेय? पॅच कापून बघू?

जुना आरएफवाला: कात्री खाली ठेव. रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला अँटेना नीट चालतो ती) सरकणं वेगळं, अंगाची सावली पडणं वेगळं. व्हीएनए जोडून हात हलव. एस११ ची (परत येणाऱ्या सिग्नलच्या आलेखातली) दरी सरकली तर वाकण्याचा दोष. ती जागेवर आणि आरएसएसआय मात्र पडतोय, म्हणजे मध्ये तूच उभा आहेस. स्नायूची परमिटिव्हिटी (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो तो आकडा) २.४५ ला ५० च्या वर असते, धडातून आरपार जवळजवळ काही जात नाही. पोचतं ते अंगाला वळसा घालून नाहीतर भिंतीवर आपटून. त्यामुळे खोलीपेक्षा मोकळ्या मैदानात आणखी वाईट दिसेल. शिवाय पॅचमागे ग्राउंड (खालची तांब्याची टेप) आहे. दंडामुळे तो फारसा बिघडत नाही हे खरं, पण फेकतोही बाहेरच्याच बाजूला, आणि फोन पाठीमागे. केबल हातात धरू नकोस, तीच रीडिंग बिघडवते.

फेल्टप्रेमी: पॅचची लांबी दंडाभोवती वळलीय का? मग ९० अंशात फिरव. रुंदी वाकली तर फार बिघडत नाही, लांबी वाकली की रेझोनन्स हलतो. आणि घाम! डेनिम पाणी पितं, फ्रिक्वेन्सी खाली घसरते. मी म्हणूनच फेल्टकडे (दाबून केलेलं जाड कापड) वळलो, तेही भिजतंच म्हणा.

बाहीवाला: केलं. कोपर दुमडल्यावर दरी जेमतेम ८-१० मेगाहर्ट्झ हलते. फोन उजव्या खिशात टाकला तर -७० च्या खाली गेलाच नाही. म्हणजे सावलीच. लांबी मात्र दंडाभोवतीच होती, तेव्हा फिरवायचाय. त्यासाठी शिवण उसवावी लागणार, आणि ते आईला अजून सांगितलेलं नाही.