घिड्रातली ‘राइट’ची टिक नुसती शोभेची? साफ चूक

मिरकरवाडा:
घिड्रा म्हणजे तयार प्रोग्रॅम उलगडून वाचायचं साधन, आणि मेमरी मॅप ही त्यातली मेमरीच्या ब्लॉकांची यादी दाखवणारी खिडकी. त्याबद्दल काल ‘काजूबाग’ यांनी लिहिलं, “मेमरी मॅपमधल्या रीड-राइट-एक्झिक्यूटच्या टिका नुसत्या दाखवायला आहेत. .टेक्स्टला (कोड असलेल्या भागाला) राइट दिलं, प्रोग्रॅम चालवला, तरी परवानगी नसल्याची चूक, म्हणजे अ‍ॅक्सेस व्हायोलेशन. सगळं आरडब्ल्यूएक्स (तिन्ही टिका लावून) ठेवा आणि कामाला लागा.” हे वाचून नवीन पोरं तसंच करणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्या खिडकीत तुम्ही बदलता ते घिड्राच्या प्रोजेक्टमध्ये. फाइलचा हेडर, म्हणजे सुरुवातीचा माहितीचा भाग, जसाच्या तसा राहतो, आणि विंडोज हेडर बघूनच पानांच्या परवानग्या लावतं. खरंच लिहायचं असेल तर हेडरमध्ये .टेक्स्टच्या परवानगीचा हेक्स आकडा ६०००००२० खोडून ई०००००२० करा, नाहीतर चालत्या प्रोग्रॅममध्ये व्हर्च्युअलप्रोटेक्ट हे परवानगी बदलणारं विंडोजचं फंक्शन बोलवा. एक्स६४डीबीजी या डीबगरच्या (चालता प्रोग्रॅम तपासायच्या साधनाच्या) मेमरी मॅपमध्ये परवानगी लगेच लागू होते, कारण तिथे तुम्ही जिवंत प्रोसेसला हात घालता.

पण म्हणून टिक निरुपयोगी? काकांच्या बोटीवरचा फिश फाइंडर (मासे शोधायचं यंत्र) मी महिनाभर उघडून बसलोय. चिप कॉर्टेक्स-एम जातीची, फ्लॅश (प्रोग्रॅम साठवलेली कायमची मेमरी) हेक्समध्ये ०८०००००० पासून. कच्ची फाइल उघडली की एकच ब्लॉक, तिन्ही टिका लागलेल्या. मशीनचा कोड वाचता येईल असा करून दाखवणारा घिड्राचा डीकंपायलर म्हणायचा, अमुक पत्त्यावरून काहीतरी वाचतोय. बास. फ्लॅशची राइटची टिक काढली, आणि त्याच ओळीत थेट आकडा आला: दोन लाख. म्हणजे २०० किलोहर्ट्झ, पाण्यात ध्वनिलहरी सोडणाऱ्या ट्रान्सड्यूसरची फ्रिक्वेन्सी! महिनाभर समोर होती. जिथे लिहिता येत नाही तिथली किंमत बदलणार नाही असं धरून डीकंपायलर ती भरतो. ‘रिस्पेक्ट रीडओन्ली फ्लॅग्ज’ हा पर्याय त्यासाठीच आहे.

काजूबाग:
मला हेडर कळत नाही असं धरून शिकवू नका. कारखान्यातला वजनाचा प्रोग्रॅम मीच पॅच करून चालवतोय, बनवणारे कधीच दुकान बंद करून गेले. माझं म्हणणं एवढंच, की त्याच घिड्रात इन्स्ट्रक्शन पॅच केली की एक्स्पोर्टमध्ये बाइट जातात. मग शेजारच्या खिडकीत दिलेली परवानगी का जात नाही? ज्याला माहीत नाही त्याची रात्र फुकट जाते. माझी गेली, तीही लाइट येतजात असताना.

देवगड:
मिरकरवाडा, तुमचा सल्लाही अर्धवटच आहे. ‘राइट काढा’ म्हणून मोकळे झालात. मी एका बागेच्या पंपाच्या कंट्रोलरवर सगळ्याच ब्लॉकची टिक काढली. एक फ्लॅग (हो-नाही सांगणारी किंमत) सुरुवातीला शून्य होता. डीकंपायलरने तो कायमचा शून्य धरला आणि त्यावर अवलंबून असलेली अख्खी इफची (‘असं असेल तर’ची) फांदी उडवली. वर ‘रिमूव्हिंग अनरीचेबल ब्लॉक’ अशी सूचना होती, मी वाचलीच नाही. चार दिवस मोटर बंद करणारा कोड शोधत होतो, आणि तो त्याच फांदीत होता. त्यापेक्षा आरडब्ल्यूएक्स बरं. कमी दाखवेल, पण खोटं दाखवणार नाही.

मिरकरवाडा:
बरोबर आहे, हे मी लिहायला हवं होतं. टिक फक्त फ्लॅशची काढायची. २००००००० पासूनच्या रॅमचा ब्लॉक वेगळा, तिथे राइट हवंच. एकाच ब्लॉकमध्ये दोन्ही असेल तर आधी स्प्लिट करा. पण ‘आरडब्ल्यूएक्स खोटं दाखवत नाही’ हे मान्य नाही. ४००००००० पासूनच्या पेरिफेरल्सना (बाहेरची उपकरणं चालवणाऱ्या चिपच्या भागांना) व्होलाटाइलची, म्हणजे ‘इथलं प्रत्येक वाचन-लेखन महत्त्वाचं’ असं सांगणारी, टिक नसेल, तर एकाच रजिस्टरवर लागोपाठ दोनदा लिहिलेलं असताना पहिलं गायब होऊ शकतं. ते खोटंच.

शिरोडा:
सगळे टिकांवर भांडताय. कंपनीचं फर्मवेअर (यंत्रातला प्रोग्रॅम) उघडायला परवानगी कोणी दिली? लायसन्स वाचलंय का? तुम्हाला पायरसी करणारे म्हटलं तर राग येईल.

वेंगुर्ला बंदर:
ह्यो कायदो माका शिकव नको. बोट माझी, मशीन माझा, पैशे माझे. त्याच्यात काय असा ता बघूचो हक्क माझो नाय तर कोणाचो? माझ्या मशीनचा एक बटन गेला, तर दुकानदार म्हणता नवीन घे. पावसाळ्यात बोट वर काढलेली असता, तेवढोच वेळ गावता. तेव्हा लायसन्स वाचत बसू?

मिरकरवाडा:
शिरोडा, कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एबी) वाचा. एका प्रोग्रॅमशी दुसरा जोडण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती मिळवायला जे करावं लागतं ते उल्लंघन धरलेलं नाही. मला त्या फिश फाइंडरचा आकडा माझ्या स्क्रीनवर आणायचाय, कारण त्याचा डिस्प्ले मेला आणि सुटा डिस्प्ले कोणी देत नाही. याला चोरी म्हणू नका.

शिरोडा:
जोडण्यापुरतं ठीक, मान्य. पण तोच कोड पॅच करून विकणारे बंदरावर आहेत आणि त्यांनाही तुम्ही हेच कलम सांगणार. माझ्या भावाने असला पॅच केलेला जीपीएस घेतला, भर समुद्रात बंद पडला. रात्रभर घरी कोणी झोपलं नाही.

वेंगुर्ला बंदर:
ता वायट झाला. पण कंपनीन दुरुस्त करून दिला असता तर त्येका तसलो घेवची पाळीच इली नसती.

काजूबाग:
ई०००००२० केलं, प्रोग्रॅम चालला. हेडरचं मिरकरवाडा म्हणाले ते खरं. पण त्या खिडकीत ‘फाइल बदलणार नाही’ अशी एक ओळ हवी, हे मी सोडणार नाही. आणि ‘सगळं आरडब्ल्यूएक्स ठेवा’ हे वाक्य पोस्टमधून काढलंय.

देवगड:
मिरकरवाडा, व्होलाटाइलचं आज करून बघितलं. पंपाच्या रिलेला आधी शून्य, मग एक लिहितोय, ते शून्य आत्ता दिसलं. तुमच्या ब्लॉकचे सुरुवात-शेवट पत्ते इथे टाका. माझीही चिप तीच आहे.